वैदेहीचा चेहरा

कॉलेजच्या कँटीनमध्ये चहा घेत होते. शेजारच्या टेबलावर मी शिकवते त्या वर्गातल्या दोघी होत्या. वडे संपल्याचं कळलं तशी एकीने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रडका स्टिकर टाकला; मीही त्या ग्रुपवर आहे.

तो चेहरा वैदेहीचा. गॅदरिंगमध्ये भाषण विसरून ती स्टेजवरच रडली, तेव्हा कुणीतरी फोटो काढून त्याचा स्टिकर केला. आता बस चुकली, हजेरी कमी भरली, की सगळे तोच टाकतात. वैदेही मात्र तेव्हापासून कॉलेजला आलेली नाही.

दुष्टपणा निदान ओळखता तरी येतो. पण असं काही एकदा अंगवळणी पडलं की समोर माणूस आहे हेच दिसेनासं होतं. आणि ही पोरं काही वाईट नाहीत, हेच जास्त भयंकर वाटतं.

"मॅडम, आम्ही वैदेहीला मेसेज केलाय," दुसरीने मोबाईल माझ्यापुढे धरला. 'तुझी खूप आठवण येते गं. कधी येतेस?' असं मनापासून लिहिलं होतं. त्याखाली, नेहमीच्या सवयीने, तोच रडका स्टिकर.

बघता बघता मेसेजच्या दोन्ही टिक्स निळ्या झाल्या.

"वाचलं तिने!" ती खुशीत म्हणाली. मग जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.

"मॅडम, ही काही बोलत का नाही?"