सवण्यातून पळालेला खुनी

मारुती गेल्याचा निरोप आला तेव्हा मी थेटरात पेटीवर बोटं फिरवत होतो. रडू नंतर आलं, आधी राग आला. महिना झाला, तो राग अजून उतरलेला नाही...

पडद्याच्या एका अंगाला मी पेटी घेऊन बसे; दुसऱ्या अंगाला छडी घेऊन मारुती मूकपटाची गोष्ट सांगे. गिरणी सुटली की थेटरात मुंगीला शिरायला वाव नसायचा. चित्रातल्या चुकांना मारुती जिभेनं ठिगळं लावी. एकदा खून झालेल्या शेठजीच्या डोक्यावर आधी पागोटं, लगेच टक्कल! लोक हसले. हा म्हणाला, "खुन्यानं पळवलं की वो!" पुढं पागोटं परत डोक्यावर आलं, तेव्हा हसण्याच्या नादात माझा सूर चुकला.

तोच चित्रपट त्याला भोवला. कादंबरीवरून काढलेला, पण आतून कडी लावलेल्या खोलीतून खुनी निसटला कसा, हे दाखवायलाच विसरलेले. लोक ओरडले, "कुटनं गेला त्यो?"

मारुती गडबडला. "सवण्यातनं!"

पडद्यावर कौलारू बंगला होता. पण धूर जायला छतात सवणं ठेवलेल्या धाब्याच्या घरांत राहणारे आम्ही. सगळ्यांना ते पटलं. इतकं पटलं, की खुनी वरून आत उतरेल या धास्तीनं गल्लोगल्ली सवण्यांवर फरशा पडल्या. मारुतीच्या आईनंही टाकून घेतली. मारुतीला दमा. चुलीचा धूर घरातच कोंडायचा.

"आई, मी रचलेलं हाय ते!"

"मला घोर नको म्हणून बोलतुयास. एकुलता एक हाईस." फरशी काढली की ती जेवण सोडी.

त्यानं एका खेळाला खुन्याला दारातून बाहेर काढून पाहिलं. "काल सवण्यातनं गेला हुता की!" म्हणत लोकांनी शेंगांची टरफलं मारली. मालकानं दटावलं, लोकांना हवं तेच सांग. मग काय, रोज खुन्याला सवण्यातून पळवायचं आणि घरी फरशीखाली खोकत बसायचं. स्वतःच्याच थापेत माणूस असा कोंडला गेला. थंडीत दमा उसळला, आणि संपलं.

परवा त्याच्या आईला भेटायला गेलो. चूल पेटलेली, तरी घरात धूर नव्हता. जमिनीवर उन्हाचा चौकोन पडला होता.

"फरशी काढली व्हय?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "ज्याच्यासाठी टाकली हुती, त्योच ऱ्हायला न्हाय."