चोवीस तास उघडं

मेरिन टोलहर्स्टला दुकानं वर आणायचं वेड होतं. वर म्हणजे कुठे, तर नेटवर. आमच्या हॉर्शम गावात कुणी फोन काढून नळवाला शोधो की बेकरी, पहिलं नाव तिच्या गिऱ्हाइकाचं दिसलं पाहिजे. दुसऱ्या नंबरावर दिसलं तरी बाईचा चेहरा उतरायचा.

हे वेड आलं कुठून? एकोणीस वर्षं ती आमच्या गावच्या पेपरात छोट्या जाहिराती घ्यायची. ट्रॅक्टर विकणे आहे, मांजर हरवले आहे, असल्या. पेपर बंद पडला तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती, आणि या वयात गव्हाच्या मुलखात नव्याने नोकरी कोण देणार? पण जाहिराती देणारी सगळी माणसं तिच्या ओळखीची. आता यांना विचारणार कोण, या काळजीत ती स्वतःचं रडायचं विसरली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने सर्चचं काम शिकून घेतलं. खोगीर शिवणाऱ्या डेस म्हाताऱ्याचं दुकान नेटच्या नकाशावर भलत्याच गावात दिसत होतं. ते तिने ओढून त्याच्या दारात आणून ठेवलं, तर महिन्याभरात थेट दूरच्या क्वीन्सलँड राज्यातून ऑर्डर आली. डेसला वाटलं, कुणी टवाळी करतंय. त्याने फोन आपटला! मेरिनने स्वतः परत फोन लावून त्या गिऱ्हाइकाची माफी मागितली.

अशी बाई. मनाने वाईट नाही हो, मुळीच नाही. म्हणून तर पुढचं सांगताना मला तिचा जास्त राग येतो.

रोवन अ‍ॅटवेल डॉक्टरांचा जनावरांचा दवाखाना हे तिचं लाडकं गिऱ्हाईक. तीस वर्षं अडलेल्या मेंढ्या सोडवत आलेला माणूस. हायवेला गावोगावी शाखा असलेल्या एका कंपनीने काचेचा चकचकीत दवाखाना उघडला आणि सर्चमध्ये तोच पहिला यायला लागला. नव्याने गावात आलेली माणसं तिकडेच वळायला लागली. डॉक्टर म्हणाले, "मेरिन, काय वाट्टेल ते कर, पण मला वर आण. नाहीतर मला पण त्यांच्याकडेच नोकरीला जावं लागेल."

तिने नवे फोटो चढवले, जुन्या गिऱ्हाइकांच्या मागे लागून चार चांगले शब्द लिहून घेतले. तरी दवाखाना दुसऱ्याच नंबरावर. एक गोष्ट मात्र तिला अनुभवाने ठाऊक होती: माणूस शोधतो त्या वेळी जे दुकान उघडं असतं, ते वर सरकतं. कुलूपवाला, बंद पडलेली गाडी ओढून नेणारा, असल्यांच्या नावापुढे ती सरळ 'चोवीस तास उघडं' टाकायची. त्यात खोटं काही नव्हतं, ते लोक कधीही फोन उचलायचे.

कप-डे म्हणजे घोड्यांच्या मोठ्या शर्यतीचा मंगळवार, त्याच्या आधीचा शुक्रवार. मेरिन दवाखान्यात बसून ग्लेनिसच्या कॉम्प्युटरवरून काम करत होती. ग्लेनिस हॉकिंग म्हणजे तिथली रिसेप्शनिस्ट. बावीस वर्षं त्याच खुर्चीवर. गावातल्या कुत्र्यामांजरांची नावं, वयं, खोड्या सगळं तिला तोंडपाठ. ग्लेनिस चहा करायला आत गेली, आणि मेरिनच्या बोटांनी दवाखान्यापुढे तीच खूण केली. चोवीस तास उघडं. सोमवारी काढून टाकू, एवढं काय! संध्याकाळी दवाखाना पहिला. सोमवारीही पहिलाच. मग ती म्हणाली, राहू दे अजून एक दिवस.

तो एक दिवस म्हणजे कप-डे. सगळं राज्य सुट्टीवर, टीव्हीपुढे, शर्यत सुरू व्हायची वाट बघत. दुपारी अडीचला लेस्टर हाइन या मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या केल्पी कुत्रीला शेडच्या मागे जहाल विषारी ब्राउन साप चावला. मेंढ्या राखणारी कुत्री, सात वर्षांची, नाव मॅग. लेस्टरच्या फाट्यावरून एका बाजूला स्टॉवेल, दुसऱ्या बाजूला हॉर्शम, अंतर जवळपास सारखंच. सुट्टीला सापाचं औषध देणारे डॉक्टर स्टॉवेलला असतात, हे अ‍ॅटवेलांच्या दारावर लिहिलेलं असतं, फोनवरची टेपही तेच सांगते. पण लेस्टरच्या बायकोने फोनवर शोधलं आणि ओरडली, "अ‍ॅटवेल उघडा आहे! पळ!" तो कुत्रीला मांडीवर घेऊन सुटला. मागून बायकोने दवाखान्यात फोन लावला, टेप ऐकली. नवऱ्याला किती फोन केले. त्या पट्ट्यात रेंज कुठली असायला!

मॅग दवाखान्याच्या बंद दारात मेली.

बुधवारी लेस्टरने नेटवर दोन ओळी लिहिल्या. इथे उघडं लिहिलंय. माझी कुत्री यांच्या पायरीवर गेली. बस, तेवढंच. दुपारपर्यंत गावभर झालं. डॉक्टरांनी मेरिनला बोलावून घेतलं, आधी वेळा नीट करून घेतल्या, मग कुणी बदललं ते बघायला लावलं. शुक्रवार, तीन चाळीस. नाव ग्लेनिसचं. असणारच, कॉम्प्युटर तिचा होता, तिच्याच नावाने उघडलेला.

"ग्लेनिस, तू वेळा बदलल्यास?"

"मी? छे." ग्लेनिसने स्क्रीनवरचं आपलं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. "म्हणजे... मला तरी आठवत नाही, रोवन."

"आठवत नाही म्हणजे काय? बदललं की नाही?"

"नाव माझंच आहे ना. मग मीच केलं असेल."

आता बोल ना बाई! दोन पावलांवर उभी होती मेरिन. तिला वाटलं, बोलले तर हे गिऱ्हाईक गेलं, आणि हॉर्शममध्ये एक गेलं की दहा जातात. तिने पर्समध्ये रुमाल शोधला. रुमाल हातात होता.

"काही दिवस घरी राहा," डॉक्टर हळूच म्हणाले. ग्लेनिसने आपला मग धुतला, खुर्चीवरचं स्वेटर उचललं आणि दोघांना "सॉरी हं" म्हणून गेली. सॉरी ती म्हणाली!

मेरिनला त्या दिवसापासून जेवण जाईना. आज सांगते, उद्या सांगते, असं करत पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी ती पाव आणायला गेली, तर बेकरीवाल्या फामबाई म्हणाल्या, "ग्लेनिसचं कळलं का? बॅलरॅटला मोठ्या डॉक्टरांकडे तपासणीला चाललीय. डोक्याची. तिच्या आईचं पण असंच सुरू झालं होतं म्हणे, किटली फ्रिजमध्ये ठेवायची."

पाव काउंटरवरच राहिला.

ग्लेनिसने दार उघडलं तेव्हा मेरिनला आधी दिसल्या त्या चिठ्ठ्या. फ्रिजवर, नळावर, दाराच्या आतल्या बाजूला. गॅस बंद केला, नऊ दहा. गोळी घेतली. मागचं दार लावलं, दोनदा बघितलं.

"ये ना," ग्लेनिस म्हणाली. "घर असंच आहे बघ, हसू नकोस. लिहून ठेवलेलं बरं. गुरुवारी नातीला सांभाळायचे, ते बंद केलंय. मीच सांगितलं लेकीला. उन्हात गाडीत विसरले पोरीला तर? एक कुत्री गेली, तेवढी पुरे झाली."

"ग्लेनिस, ते मी केलं."

"काय केलंस?"

"चोवीस तास. तुझ्या कॉम्प्युटरवरून. तू चहा करायला गेली होतीस. दवाखाना वर यावा म्हणून."

ग्लेनिसने खुर्ची ओढली आणि ती बसली. "परत सांग."

मेरिनने परत सांगितलं. पहिल्यापासून, वाराला वार, काही न लपवता.

"म्हणजे मी विसरले नाही." ग्लेनिसच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ती हसतही होती. "अगं, मी विसरलेच नाही! विसरायला मी काही केलंच नव्हतं!"

मग हसणं थांबलं. तिने मेरिनकडे बघितलं, आणि मेरिनला वाटलं, हिने एक थोबाडीत ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

"तू तिथे उभी होतीस."

"हो."

"लेस्टरच्या बायकोला मी हाताने पत्र लिहिलं. माफी मागितली. सहा दिवस मी अंघोळीला जाताना सुद्धा वार कोणता ते स्वतःला विचारतेय. आणि तू पावाच्या रांगेत उभी राहत होतीस."

"मी डॉक्टरांना सांगते. आत्ता जाते."

"बस खाली. डॉक्टर नंतर, लेस्टर त्याच्या नंतर. आधी माझी लेक." तिने टेबलावरचा फोन उचलला, नंबर लावला आणि मेरिनच्या हातात दिला. "मी सांगितलं तर तिला वाटेल, आई आता भलतंच बरळायला लागली. तूच सांग."

पलीकडे दोनदा रिंग वाजली. लेकीने उचलला, आणि लहान मुलाशी बोलावं तसं, एकेक शब्द तोडून, मोठ्याने म्हणाली, "आई? घाबरू नकोस हं. मला सांग बघू, आज वार कोणता?"

ग्लेनिसला ते ऐकू गेलं. तिने मान फिरवली नाही, ती मेरिनकडेच बघत राहिली.

"मी मेरिन बोलतेय," मेरिन म्हणाली. "तुझ्या आईला काही झालेलं नाही. ते मी केलं होतं."