रागावणाऱ्या बाई

मी व्यायाम केला नाही, हे आमच्या फिजिओबाई जिन्यावरच्या माझ्या पावलांवरून ओळखायच्या. दारात पोचायच्या आधीच आतून आवाज यायचा, "सर, खोटं कोण बोलतंय आज, तुम्ही की गुडघा?"

गंगापूर रोडवर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर गुडघ्यांचा दवाखाना काढणारी बाई एकतर वेंधळी असावी किंवा निर्दय. बाई दोन्ही नव्हत्या. हरसूलकडच्या. कॉलेजात आठशे मीटर पळायच्या. एका स्पर्धेत पाहुणे यायचे होते म्हणून सुजलेल्या घोट्यावर स्प्रे मारून त्यांना उभं केलं गेलं. पदक मिळालं आणि पळणं संपलं. सत्काराची शाल मात्र बऱ्या कापडाची होती, असं त्या सांगत.

"आठशे म्हणजे दोन राउंड," त्या वैतागून म्हणत. "पहिला सगळेच जोरात पळतात. पेशंटचंही तेच. दुखायचं थांबलं की दुसऱ्या राउंडला कुणीच नाय." चिडल्या की त्यांच्या बोलण्यात गाव यायचं. आम्हा पेशंटांना व्यायामाऐवजी शेकाचं मशीनच हवं असायचं. ते लावून पडल्या पडल्या पेपर वाचता येतो.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गावाकडची कविता उपचारांना यायची. अकरावीतली, आठशेच पळणारी. नडगीच्या हाडाला बारीक चीर होती. बाईंनी सहा आठवडे पळणं बंद केलं होतं. पाचव्या आठवड्यात शेजारच्या खाटेवरून ती मला हळूच म्हणाली, "काका, रविवारी पळणार हाय मी. स्पर्धेच्या बॅनरवर फोटो लागलाय माझा. बाईंना सांगू नका."

मी मान डोलावली. व्यायाम चुकवणाऱ्यांत एवढा बंधुभाव असतोच.

बॅनरवर मान्यवर मोठे होते, कविता कोपऱ्यात होती. रविवारी दुसऱ्या राउंडला वळणावर ती खाली बसली. हाड मोडलं होतं.

सोमवारी मी बाईंना सांगून टाकलं, की मला आधीपासून माहीत होतं. माझा गुडघा वाकवणारे त्यांचे हात थांबले. आता चांगलंच ऐकावं लागणार, म्हणून मी तयार झालो.

"तिनं तुम्हाला का सांगितलं असेल, सर?" त्या म्हणाल्या. "कुणीतरी 'नको' म्हणावं म्हणून."

आवाज चढला नाही. पुन्हा गुडघा वाकवत आकडे मोजायला लागल्या.

कविता आता कुबडी न घेता चालते. तिनं पळण्याचं विचारलं की बाई तिला चालण्याचाच पुढचा व्यायाम दाखवतात. मी रोज व्यायाम करतो, एक दिवस चुकवत नाही. तसं सांगितलं की त्या म्हणतात, "छान. जमेल तेवढं करा," आणि पुढच्या खाटेकडे जातात. तिथल्या आजोबांवर त्या मनसोक्त ओरडतात. मी ऐकत पडून राहतो.