मी वॉचमनला एक साधा प्रश्न विचारला

मी मुलांना विचार करायला शिकवते, आणि माझ्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये एक अख्खी संध्याकाळ पाणी नव्हतं.

तसे माझे क्लासेस गणित-विज्ञानाचे. भाईंदर पूर्वेला, गोडदेव गावात, घरच्याच हॉलमध्ये. पण धडा कुठलाही असो, पहिली दहा मिनिटं माझं भाषण ठरलेलं. "कोणी सांगितलं म्हणून मान डोलवायची नाही! कशावरून, ते विचारायचं! तीन ठिकाणी खात्री केल्याशिवाय काही खरं मानायचं नाही!" मुलं मान डोलवतात. (कशावरून, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही.)

त्या शनिवारी सकाळी नळाची धार जरा बारीक वाटली. माझ्या डोक्यात एकदा किडा वळवळायला लागला की मला बसवत नाही. खिडकीतून वाकून खाली वॉचमनला हाक मारली, "मिश्राजी, कल पानी नहीं आयेगा क्या?"

"पता नहीं, मॅडम. पूछता हूँ."

बस, एवढंच. मी चपात्या लाटायला गेले.

साडेअकराला कपडे आणायला खाली उतरले, तर जिन्याखालचा इस्त्रीवाला म्हणतो, "मॅडम, पानी भर लो. कल नहीं आनेवाला." पण मी काय ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारी बाई आहे? मनात फक्त एक आकडा मांडला : ठिकाण पहिलं. वर येते न येते तोच समोरच्या बिल्डिंगमधल्या हेतलबेनचा फोन. "बेन, काले पाणी नथी हं! हमारे भिशी के ग्रुप में भी आ गया!" ठिकाण दुसरं. मी धावत खिडकीत गेले. "मिश्राजी, कल पानी का क्या हुआ?"

"पक्का है, मॅडम! सब बोल रहे हैं!"

ठिकाण तिसरं! खात्री म्हणजे अजून काय असते?

"पालिकेच्या पाणी विभागाला एक फोन कर की," आमचे हे पेपराआडून म्हणाले.

"त्यांना काय माहीत असतं?"

"अगं, पाणी तेच सोडतात."

"अहो, तुम्ही उठा आणि माळ्यावरचं पिंप काढा आधी!"

मग मी क्लासचा मार्कर घेऊन खाली गेले आणि सोसायटीच्या फळ्यावर ठळक लिहिलं : "उद्या पाणी येणार नाही. बातमी तीन ठिकाणी तपासलेली आहे." खाली सही केली. (सही करायला कोणी सांगितलं नव्हतं.)

त्यानंतर जे सुरू झालं! बादल्या भरल्या, पिंप भरलं, तिन्ही कुकर भरले, लोणच्याची बरणी धुऊन भरली. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दुसरीतून स्वयंपाकघरात, हातात मिळेल ते भांडं. शेवटी ह्यांनी पेपर खाली केला. "इडलीपात्रात पाणी? एकेका खळग्यात दोन-दोन चमचे? आणि ही बाई मुलांना घनफळ शिकवते!"

बोलायला काय जातं? अठ्ठावीस बिऱ्हाडं, आणि माझा फळा वाचून सगळ्यांचे नळ एकाच वेळी सुरू. पाच वाजता गच्चीवरची टाकी रिकामी झाली. आमचा नळ दोनदा शिंकला आणि गप्प बसला.

"बघा!" मी आनंदाने ओरडले. "मी म्हटलं नव्हतं?"

तेवढ्यात दारात तळमजल्यावरच्या पाटीलकाकू. मूळच्या गोडदेवच्याच, आमची बिल्डिंग उभी आहे तिथे एकेकाळी त्यांची भातशेती होती. त्यांना पहिलीच नात झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, गच्चीवर तिचं बारसं होतं. पन्नास माणसांचं जेवण! काकू आठ दिवस दुसरं काही बोलत नव्हत्या.

"मॅडम, फळ्यावर वाचलं. खरं हाय का?"

"तीन ठिकाणी विचारलंय, काकू."

त्या खुर्चीत टेकल्याच. "दुसरं कोनी बोललं असतं तं मी ऐकलं नसतं. पन तुमी पोरांना शिकवता." आणि माझ्यासमोर बसून त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. राई गावच्या नणंदेला, चौक गावच्या बहिणीला, जावांना, सगळ्यांना. "येऊ नको गो. पानी न्हाय. नंतर कदी तरी करू." चौकच्या बहिणीशी बोलताना त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. धीर देणारी मीच होते, हे आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

रविवारी सकाळी साडेसहाला पाणी आलं. आलं म्हणजे काय, कोसळलं! टाकी भरली, भरून वाहिली, आमच्या खिडकीवरून धबधबा सुरू झाला. आणि भरून ठेवायला कोणाच्या घरात एक वाटी रिकामी नव्हती.

आमची सई आठवीत आहे. ती चपला घालून खाली गेली आणि तासाभराने परत आली.

"आई, मी प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं. हेतल आंटीला इस्त्रीवाल्याने. इस्त्रीवाल्याला मिश्राजींनी."

"आणि मिश्राजींना?"

"ते म्हणाले, मॅडमने पूछा था, कल पानी नहीं आयेगा क्या. मॅडम पढ़ी-लिखी हैं, ऐसे ही थोड़ी पूछेंगी!"

ह्यांनी पेपराची घडी घातली. (रविवारचा पेपर! अर्धा वाचून!) "म्हणजे तू तीन ठिकाणी विचारलंस खरं," हे म्हणाले. "फक्त तिन्ही ठिकाणी तूच होतीस."

मी खाली गेले. काकूंच्या घरात नवाकोरा पाळणा भिंतीला लावून उभा होता, अजून फुलं न बांधलेला. मी काही लपवलं नाही, सगळं सांगून टाकलं, आणि सांगता सांगता रडू कोसळलं. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई मला दार दाखवणार.

"धा वाजलं," त्या म्हणाल्या. "अजून जमंल. पन सगल्यांना नको सांगून बसलीय मी. आता परत बोलवू तं कोन खरं मानंल?"

"मी फोन करते, काकू! एकेकाला करते!"

"नको गो बाय! तुमी फोन करू नका." त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला. "तुमी खिडकीत जा, नि मिश्राला इचारा, पाटलांकडं आज जेवन हाय क्या."

मला वाटलं, चेष्टा करतायत. नव्हत्या करत. मी वर गेले, खिडकीतून वाकले आणि विचारलं.

"पता नहीं, मॅडम. पूछता हूँ."

संध्याकाळी पाच वाजता गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती! राई आली, चौक आलं, हेतलबेनचा अख्खा भिशी ग्रुप आला, आणि तीन बिल्डिंगा पलीकडची अशी माणसं आली की ज्यांना पाटलांकडे कोणी ओळखत नव्हतं. आमच्या घरच्या तिन्ही कुकरांमध्ये भात शिजला. काकू घामाने निथळत होत्या, पण चेहरा असा फुलला होता की मी दोनदा देवाचे आभार मानले.

मग पाळणा म्हणून झाला. बाळाची आत्या नाव सांगायला तिच्या कानाशी वाकली. मी हौसेने पहिल्या रांगेत, मान पुढे काढून. तेवढ्यात काकू ओरडल्या, "थांब गो! त्या मॅडमना आधी टाकीमागं बसव! न्हायतर पोरीच्या कानात जायच्या आधी नाव फळ्यावर लागंल!"

गच्ची हसून लोटपोट. मी मुकाट्याने उठले आणि टाकीमागे जाऊन बसले. तिथून नाव काही ऐकू आलं नाही.

आता ती पोर रांगायला लागलीय. मी तिला 'बाळा' म्हणते, 'सोनू' म्हणते, 'ठमे' म्हणते. खरं नाव काय, ते कोणाला विचारायची माझी अजून हिंमत होत नाही.