तनुजाला उभं कुणी केलं

खराडीत सर्जेरावांच्या रानात काचेची इमारत उभी राहिली आणि त्याच इमारतीतल्या कॉल सेंटरमध्ये त्यांच्या लेकीला, तनुजाला, नोकरी लागली. वर्षभरात खडीच्या डंपरने तिची स्कूटी उडवली. मणका मोडला, आतली मज्जारज्जू चेंगरली आणि तिचं कमरेखालचं अंग मुकं झालं.

पुढे ती उभी राहिली ती मेहनतीने. फिजिओथेरपीच्या कुसुमताईंनी तिचे दंड आणि खांदे असे घडवले की मांडीपासून पावलापर्यंत लोखंडी कॅलिपर बांधून, वॉकर धरून ती खोली ओलांडायची. कुणी कौतुकाने म्हणालं, चालायला लागलीस की, तर ती म्हणायची, "पाय नाही चालत. खांदे चालतात."

सर्जेरावांना एवढ्याने समाधान नव्हतं. कुणी सांगेल ती मुळी ते उगाळून आणत. बापाचा चेहरा बघून तनुजा मुकाट्याने लेप लावून घ्यायची. अशातच राकेश नावाचा एक गोड बोलणारा माणूस घरी आला. हळद आणि अश्वगंधेच्या अर्काच्या कॅप्सूल तो विकत होता. मज्जारज्जू पुन्हा जुळते, परदेशात सिद्ध झालंय, असं त्याने सांगितलं. तनुजाने ते संशोधन नेटवर शोधून वाचलं. खोटं नव्हतं, पण उंदरांवरचं होतं. इजा झाल्या झाल्या अर्क दिला तर सूज कमी होते, उंदराचे पाय थोडे बरे हलतात. माणसांचं अजून काहीच सांगता येत नाही, असं त्या लोकांनीच लिहून ठेवलं होतं. तिला ते आवडलं. कुणीतरी नीट खटपट करतंय, एवढं तरी कळलं. वडिलांसाठी तिने कॅप्सूलही घेतल्या. पाय होते तसेच राहिले.

मग राकेश कॅमेरा घेऊन आला. तुमच्या जिद्दीवर फिल्म करू, म्हणाला. सर्जेरावांनीच होकार दिला. पायघोळ ड्रेस घालून तनुजा उभी राहिली आणि व्यायामाबद्दल भरभरून बोलली. केबलवर जाहिरात लागली तेव्हा त्यात वॉकर दिसत नव्हता, व्यायामाचं अवाक्षर नव्हतं. फक्त तिचं एक वाक्य ठेवलं होतं, "आता मी उभी राहते," आणि खाली कॅप्सूलची बाटली.

तिने राकेशला फोन केला. मॅडम, पॉझिटिव्ह बघा, लोकांना होप मिळते, असं तो म्हणाला. "मग बाटलीत होप भरता असं छापा," म्हणून तिने फोन ठेवला. सर्जेराव पुटपुटले, "चार लोकांचं भलं होत आसंल तर हू दे की." ती संतापली, पण बापासाठी तिने विषय तिथेच सोडला.

महिन्याभराने येरवड्याहून चंद्रभागाबाई ती जाहिरात बघून तिचा पत्ता शोधत आल्या. त्यांचा मुलगा सौरभ रंगकाम करताना परांचीवरून पडून तनुजासारखाच कमरेखाली लुळा झाला होता. तनुजाचे पाय कधी हलायला लागले, एवढंच त्यांना विचारायचं होतं. बोलता बोलता कळलं, की व्यायामाने औषधाचा गुण उतरतो असं कंपनीच्या माणसाने सांगितल्यामुळे त्यांनी सौरभचा व्यायाम आणि कुशीवर वळवणं, दोन्ही बंद केलं होतं.

तनुजा तशीच त्यांच्याबरोबर रिक्षाने येरवड्याला गेली. खोलीच्या दारातच वास आला. पडून पडून सौरभच्या माकडहाडावर हाडापर्यंत जखम गेली होती, आणि संवेदनाच नसल्याने त्याला दुखत नव्हतं. तो हसून म्हणाला, "ताई, तुम्हाला उभं बघितलं, म्हणून तर मी व्यायाम थांबवला."

ते वाक्य तिला चाबकासारखं लागलं. त्याला दवाखान्यात हलवल्यावरच ती घरी परतली.

पुढच्या रविवारी कंपनीचा मेळावा होता. तिला पाहुणी म्हणून बोलावणं होतंच. हॉल व्हीलचेअरनी आणि आशेने बघणाऱ्या आईबापांनी भरला होता. राकेशने माइकवरून तिला चालून दाखवायला सांगितलं. तनुजा खुर्चीवरच बसून राहिली. तिने ड्रेस गुडघ्यावर घेतला, कॅलिपरचे पट्टे सोडले आणि दोन्ही कॅलिपर टेबलावर, बाटल्यांच्या शेजारी ठेवले.

"हे काढले की मी उभी राहत नाही," ती म्हणाली. "ह्या गोळ्यांनी माझं बोटसुद्धा हललेलं नाही. ह्यांच्या नादी लागून व्यायाम सोडलेला एक मुलगा दवाखान्यात सडतोय. ज्यांनी सोडला असेल त्यांनी आजपासून सुरू करा."

राकेशने माइक काढून घेतला. पण मागच्या रांगेतून एक बाई चालत आल्या आणि त्यांनी हातातली बाटली टेबलावर आपटली. त्यांच्यामागून आणखी काही जण उठले. गोंधळात, तिला घेऊन आलेले सर्जेराव स्टेजवर चढले. लेकीपुढे गुडघे टेकून त्यांनी कॅलिपर बांधायला घेतले. ते त्यांनी कधी बांधलेच नव्हते. पट्टे उलटे लागले. तनुजाने ते सोडवून पुन्हा लावायला शिकवलं.

जाहिरात बंद झाली. तिने रीतसर तक्रार केली, त्या तक्रारीची चौकशी लांबत गेली, आणि काही महिन्यांनी तीच कॅप्सूल दुसऱ्या नावाने दुसऱ्या शहरात दिसली. सौरभवर दोनदा शस्त्रक्रिया झाली. पावसाळा सरता सरता जखम भरली. कुसुमताईंकडे तो तनुजाच्या शेजारीच व्यायाम करतो. हळदीवर नवं काही छापून आलं की ती वाचते, त्यालाही समजावून सांगते. राकेशचं नाव निघालं, की मात्र अजूनही तिचा आवाज चढतो, आणि तो खाली आणायची तिला गरज वाटत नाही.