चहाआधीची भवानी

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. डोंबिवलीच्या मच्छी बाजारात मी पाट लावला, कोळंबीवर पाणी मारलं आणि पहिल्या गिऱ्हाइकाला हाक मारली, "या ताई, ताजी कोळंबी!" ताई दचकून माझ्या मागे बघायला लागल्या. मागे कोण पुरुष उभा आहे म्हणून!

तिथून सगळं सुरू झालं. माशाला बर्फ लागतो, किश्शाला लागत नाही. माझ्या आवाजाचे किस्से आमच्या रांगेत इतके साठलेत की आता मी स्वतःच सांगून टाकते. रांग म्हणजे आम्ही तिघी. उजवीकडे हौसामावशी, साठीच्या पुढची, बाजारात सगळ्यात जुनी. डावीकडे जयावैनी, हातात कायम मोबाईल. मधे मी सुजाता, दोन वर्षांच्या लेकीला, पिहूला, सासूकडे ठेवून आलेली.

*

आवाज बसला तो उठेचना. गिऱ्हाईक म्हणायचं, "भाव कमी करायचा नसेल तर नका करू, पण खेकसता कशाला?" अहो, मी प्रेमाने बोलत होते!

हौसामावशी म्हणाली, "नजर हाय गो बाय," आणि बाजारातच मीठ-मिरची ओवाळली. जयावैनीने मोबाईलमध्ये बघितलं आणि घशाचं काहीतरी भयंकर असेल म्हणाली. दुसऱ्या दिवशी परत बघितलं. "काही नाही गं, गॅस असेल!"

भीतीने माझी झोपच उडायला हवी होती. पण तेव्हा मला बसल्या जागी झोप यायची. मी घाबरता घाबरता झोपायचे!

*

माझी आई खडवलीला असते. तिला फोन लावला, म्हटलं, "हॅलो, आई..."

"जावईबापू! बरे आहात ना? जरा आमच्या सुजाताकडे देता?"

"अगं आई, मीच सुजाता."

"बरं बरं, मस्करी पुरे. ती कुठाय?"

*

केस गळायला लागले म्हणून केसांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी शॅम्पू दिला. घशाच्या डॉक्टरांनी गुळण्या दिल्या. मे महिन्यात थंडी वाजते, तोंड सुजतं, हे तिसऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "बाळंतपणानंतर होतं असं." बाळंतीण दोन वर्षांची जुनी!

हौसामावशी कोयत्यावर सुरमई कापत होती. तशीच थांबली. "एकानं मुंडी बघितली, एकानं शेपूट. अख्खी सुरमई कोन बघनार का नाय?"

शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. थायरॉइड निघालं! रोज एक गोळी, उपाशीपोटी. जयावैनी म्हणाली, "बघ, मी सांगणारच होते."

*

पण गोळीने फरक शून्य. डोस वाढला, परत वाढला, मी होते तशीच.

हा किस्सा हसायचा नाही. एका दुपारी पिहूला मांडीवर घेऊन गाणं म्हणत होते, तिचं रोजचंच. ती डोळे मिटूनच किरकिरली, "बाबा नको. आई पाहिजे."

मी गाणं थांबवलं. नुसती थोपटत राहिले.

दुसऱ्या दिवशी पाटावर बसल्याबसल्या मावशीला म्हटलं, "पोरगी माझा आवाज विसरली गो." एरवी मावशीला गप्प करणं कुणाला जमत नाही. त्या दिवशी तिने पदराला हात पुसले आणि जयावैनीला एवढंच म्हणाली, "तुज्या त्या मोबाईलमदी या रोगाचा खास डॉक्टर बघ. गॅस नको बघू."

*

डॉक्टर सापडल्या ठाण्याला, घोडबंदर रोडवर. मावशी सोबत आली. ट्रॅफिकमध्ये मी दोनदा झोपले, दोनदा उठले, बस तिथेच! दवाखान्याच्या पाटीवर लिहिलेलं, एंडोक्रायनॉलॉजिस्ट. ते वाचता वाचता मला दम लागला. मावशी खूश. "एवढं लांब नाव? मंग हिला अख्खी सुरमई ठावं असनार!"

मॅडमनी रिपोर्ट बघून बाजूला ठेवले. म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते सांगा."

मी सांगितलं. उठते, चहा टाकते, चहाबरोबर गोळी घेते. विसरायला नको म्हणून रक्तवाढीची गोळी पण त्याच घोटाबरोबर.

"पण ही उपाशीपोटी घ्यायला सांगितलेली ना?"

माझ्याआधी मावशीच बोलली. "उपाशीच घेते हो! चहा म्हंजे काय खानं हाय?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि हसायला लागल्या. मग नीट समजावलं. ही गोळी नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने, रक्तवाढीची दुपारी. त्या दोन्हींमुळे ही गोळी अंगात नीट शिरतच नव्हती. डोस त्यांनी उलट कमी केला आणि दीड महिन्याने परत रक्त तपासायला बोलावलं.

मी विचारलं, "मॅडम, आवाज येईल? पोरीने ओळखण्याइतका?"

"त्यासाठीच तर गोळी आहे."

बाहेर येऊन मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हंजे पावना आलेला, आपनच दारात अडवला!"

*

दिवसाच्या पहिल्या विक्रीला आम्ही भवानी म्हणतो. भवानी होईपर्यंत उधारी नाही, घासाघीस नाही. मावशीने नवा कायदा काढला, सुजाताची गोळी हीच रांगेची भवानी! बाजारात पोचल्यावर दोघींच्या देखत मी गोळी घ्यायची. चहावाला किटली घेऊन आला की दोन्हीकडून आरडाओरडा, "तिला नको! तास नाय झाला!"

एका गिऱ्हाइकाने भाबडेपणाने विचारलं, "यांचा उपास आहे का?"

जयावैनी म्हणाली, "हो ना, थायरॉइडदेवीचा!"

*

आता शेवटचा. पुढचा उन्हाळा, रविवार. पिहू बाजारात माझ्याजवळ बसून खेकड्यांना नावं देत होती. भर उन्हात एक ऑफिसवाल्या बाई आल्या, अंगात स्वेटर. पापलेट उचललं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "कसं दिलं?"

पिहूने मान वर केली. "आई! यांच्याकडे तुझा जुना आवाज आहे!"

बाई ओशाळल्या. हौसामावशी आयुष्यात हातचं गिऱ्हाईक सोडत नाही. तिने बाईंच्या हातातलं पापलेट काढून बर्फात ठेवलं. "बाय, मच्छी मागनं घे. आदी थायरॉइडचं रगत तपासून ये. आनि गोळी चालू असंल तर सांग, चहाआदी घेतेस का चहाबरूबर?"

बाई हळूच म्हणाल्या, "चहाबरोबर."

सगळं ऐकून त्या निघाल्या, पार फाटकाशी पोचल्या, तेव्हा मी पाटावरूनच खणखणीत हाक मारली. फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यांनी पण वळून बघितलं.

"ताई, पापलेट ठेवलंय! आणि तुमच्या ऑफिसातल्या बायकांना पण सांगा!"