वाफेचा वास

फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेल्या बाबांना दर्यापूरहून अमरावतीच्या दवाखान्यात नेताना गाडी आचके देत बंद पडली. आदल्याच दिवशी सेन्सर बदलूनही इंजिनात बिघाड दाखवणारा दिवा पेटलेलाच.

रस्त्याकडेचा म्हातारा मिस्त्री पेट्रोलच्या टाकीपाशी वाकला. रबरी नळीवरून बोट फिरवून त्यानं ते हुंगलं. नळीला चीर गेली होती, पेट्रोलची वाफ बाहेर येत होती.

"सेन्सर खरंच सांगून रायला, बेटा. तुमी त्यालेच काहून बदलवलं?"

"वास येते म्हणून मी केव्हाचा सांगून रायलो," मागून बाबा पुटपुटले.

फवारल्यापासून तुमाले सगळ्याचाच वास येते, असं म्हणून मी त्यांना दोनदा गप्प केलं होतं.

नळी जोडून मिस्त्रीनं मागचं दार उघडलं आणि बाबांनाच विचारलं, "पाहा बरं भाऊ, आता येते का?"